वाहतूक बेटाभोवतीचे पादचारी आणि सायकलस्वार : नेरूळमधील एका चौकाच्या अभ्यासाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

चौकात वर्तुळ ठेवावे की सिग्नल बसवावा, ही चर्चा नवी मुंबईत जेव्हा जेव्हा होते, तेव्हा ती बहुधा वाहनांचा खोळंबा किती होतो या एकाच अंगाने होते. या प्रकल्पात आम्ही ती पायी चालणाऱ्याच्या आणि सायकलने जाणाऱ्याच्या बाजूने सुरू करत आहोत. गर्दीच्या चौकातील वर्तुळ त्यांना सुरक्षित करते की अधिक असुरक्षित, आणि असुरक्षित करत असेल तर त्याचे नेमके कोणते अंग त्याला कारणीभूत ठरते, हा आमचा प्रश्न आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील माझे विद्यार्थी आणि परिसरातील काही रहिवासी या कामात आहेत.

निवडलेला चौक नेरूळमधील आहे. चार रस्ते एकत्र येतात, मध्ये हिरवळ लावलेले मोठे वाहतूक बेट आहे, आणि त्याभोवती तीन लेन मावतील एवढा डांबरी रस्ता आहे. जवळच शाळा, रिक्षा स्टँड आणि बसथांबा आहे. चौकाचे नाव या नोंदींत मुद्दाम घातलेले नाही, कारण वाशीपासून बेलापूरपर्यंत सेक्टरांच्या सांध्यांवर याच साच्यातले चौक आढळतात आणि आमचे निष्कर्ष एका चौकापुरते नसावेत अशी इच्छा आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने हे शहर नोड (म्हणजे उपनगरे) आणि सेक्टर यांत आखले, तेव्हा रस्त्यांसाठी पुष्कळ रुंदी राखून ठेवली गेली. मुंबईच्या जुन्या भागातील चौकांना जे भाग्य नाही, ते या चौकांना आहे : इथे जागा आहे. त्या जागेतील किती डांबराला मिळाली आणि किती पायांना, याचा हिशेब मांडणे हा या कामाचा पहिला भाग आहे.

२५ नोव्हेंबर २०२४

आजचा दिवस वाचनाचा होता. चौकातील वाहतूक एकाच दिशेने गोल फिरवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये ती १९०५ मध्ये आणि पॅरिसमध्ये फ्रेंच नगररचनाकार युजीन एनार यांच्या योजनेनुसार १९०७ मध्ये अमलात आली. परंतु त्या वेळच्या वर्तुळांत नवीन आत येणाऱ्या वाहनाला अग्रक्रम असे, त्यामुळे गर्दी वाढली की वर्तुळ स्वतःच गच्च भरून थांबत असे. हा दोष ब्रिटिश वाहतूक अभियंते फ्रँक ब्लॅकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनंतर ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ च्या नियमाने दूर केला : वर्तुळात असलेल्या वाहनाला अग्रक्रम, आत शिरणाऱ्याने थांबायचे. आपल्याकडे २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही हाच क्रम आहे.

या एका नियमाचे फळ मोठे आहे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, तर एका लेनच्या वर्तुळात अशी ठिकाणे केवळ ८ उरतात. शिवाय काटकोनातली आणि समोरासमोरची धडक जवळजवळ नाहीशी होऊन तिच्या जागी कमी वेगाची तिरपी धडक येते. अमेरिकेत वर्तुळात रूपांतरित केलेल्या २४ चौकांचा अभ्यास झाला, त्यात जखमी होण्याचे अपघात सुमारे ७६ टक्क्यांनी घटलेले आढळले. वर्तुळाच्या बाजूने बोलणारे लोक हाच आकडा पुढे करतात आणि तो खरा आहे.

विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारायला सांगितला : जखमी झालेले हे लोक कोण होते? बहुसंख्य अर्थातच गाडीत बसलेले होते, कारण तिथे चौक ओलांडणारे बहुतेक सगळे गाडीतच असतात. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. ज्या देशात मृतांपैकी जवळपास प्रत्येक पाचवा माणूस पायी चालणारा असतो, तिथे गाडीतल्या माणसाचा फायदा हा सर्वांचा फायदा असे धरून चालता येणार नाही.

३ डिसेंबर २०२४

शाळा भरण्याच्या वेळेत आम्ही चौकाच्या चारही फाट्यांवर उभे राहिलो. प्रत्येक फाट्याची दोन तोंडे असतात, एक आत शिरण्याचे आणि एक बाहेर पडण्याचे. आम्ही दोन्हीकडची निरीक्षणे वेगवेगळी लिहिली आणि त्यामुळेच आजचा दिवस उपयोगी ठरला.

आत शिरणाऱ्या तोंडाशी वाहनचालक वेग कमी करतो, कारण त्याला उजवीकडून फिरत येणारी वाहने पाहावी लागतात. अडचण अशी की त्याची मान उजवीकडे वळलेली असते आणि पादचारी अनेकदा डावीकडच्या पदपथावरून खाली उतरतो. फट दिसली की चालक उजवीकडे पाहत पाहतच गाडी सोडतो. तरीही येथे पादचाऱ्याला काही आधार आहे, कारण गाडी मुळात मंद झालेली असते आणि तिला कुठे जायचे आहे याबद्दल शंका नसते.

बाहेर पडण्याच्या तोंडाशी चित्र पूर्ण बदलते. वर्तुळातला अडथळा संपला, समोर मोकळा रस्ता आहे, म्हणून चालक नेमका तिथेच वेग वाढवतो. आमच्या चौकात हे तोंड पसरट, मोठ्या त्रिज्येचे आखलेले असल्यामुळे रस्त्याची आखणीच त्याला वेग वाढवायला सांगते. पादचाऱ्यापुढचा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. वर्तुळात फिरणारी गाडी याच फाट्याने बाहेर पडणार की पुढे जाणार, हे तिने इंडिकेटर दाखवल्याशिवाय त्याला कळूच शकत नाही, आणि इंडिकेटर दाखवणारे चालक फार थोडे आढळले. दप्तरे घेतलेली मुले आणि त्यांना सोडायला आलेल्या आया गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहून अंदाज बांधत होत्या. ‘‘चाक वळलं की मागं व्हायचं,’’ असे एका आईने आपल्या मुलीला शिकवलेले आम्ही ऐकले. रस्ता ओलांडण्याचे हे ज्ञान सहा-सात वर्षांच्या मुलीला असावे लागते, ही गोष्ट मला फार लागली.

आणखी दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली, झेब्रा वर्तुळाच्या अगदी तोंडाशी रंगवला आहे. तिथे एखादा सज्जन चालक पादचाऱ्यासाठी थांबला तर त्याच्या गाडीचा मागचा भाग वर्तुळातच राहतो, मागचे सगळे हॉर्न वाजवू लागतात, आणि त्या दबावाने तो पुढच्या वेळी थांबत नाही. दुसरी, बाहेर पडण्याच्या तोंडापाशीच रिक्षा उभ्या राहतात, कारण तिथे प्रवासी मिळतात. रिक्षाआडून पुढे आलेले मूल गाडीवाल्याला शेवटच्या क्षणी दिसते आणि मुलाला गाडीही तेव्हाच दिसते.

वाहतूक बेटाच्या हिरवळीवर एक स्पष्ट पायवाट पडलेली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना कुंपणाच्या सळ्या वाकवलेल्या आहेत. समोरच्या कोपऱ्यात जायचे असेल तर वर्तुळाला बाहेरून वळसा घालून दोन फाटे ओलांडावे लागतात, आणि समोर दिसणाऱ्या ठिकाणासाठी एवढा वळसा घालायला लोक तयार नसतात. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे. मला ती पायवाट म्हणजे चौकाच्या आराखड्यावर लोकांनी पायांनी लिहिलेला अभिप्राय वाटतो.

९ डिसेंबर २०२४

काल विद्यार्थ्यांनी केलेले गणित आज तपासले. निकाल इतका बोलका आहे की तो सविस्तर लिहितो.

वळणावर चालक सहजपणे ठेवू शकेल असा वेग आणि त्या वळणाची त्रिज्या यांचे नाते ठरलेले आहे : सपाट रस्त्यावर ताशी किलोमीटरमधील वेगाचा वर्ग म्हणजे १२७ गुणिले मीटरमधील त्रिज्या गुणिले घर्षणगुणांक. चालकाला फारसा हिसका बसणार नाही असा ०.२५ हा गुणांक धरला, तर आमच्या वर्तुळात साधारण ३० मीटर त्रिज्येच्या मार्गावर हा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आसपास येतो. बाहेर पडण्याच्या तोंडाची त्रिज्या ६० मीटर असेल तर तोच वेग ताशी ४४ किलोमीटरपर्यंत चढतो. फलकावर मर्यादा काहीही लिहिलेली असो, चालक आखणीचे ऐकतो.

आता पादचाऱ्याकडून पाहू. लेनमागे साडेतीन मीटर धरले तर तीन लेनचे तोंड साडेदहा मीटर रुंद होते. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला ते ओलांडायला पावणेनऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ७३ मीटर पुढे येते. सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या वृद्धाला जवळपास पावणेबारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी ९७ मीटर अंतर कापते. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव परीघ ४७ मीटर आणि अर्धा परीघ ९४ मीटर असतो. म्हणजे काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना पाऊल टाकण्यापूर्वी जवळजवळ निम्मे वर्तुळ रिकामे आहे, किंवा त्या निम्म्या वर्तुळातले एकही वाहन आपल्या फाट्याने बाहेर पडणार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. गर्दीच्या वेळी अशी खात्री कोणालाच देता येत नाही. मग माणूस एक तर ताटकळतो, नाही तर हात वर करून घुसतो.

हेच गणित लहान वर्तुळासाठी मांडले. १५ मीटर त्रिज्येच्या मार्गावर वेग ताशी २२ किलोमीटरच्या आत राहतो. एकाच लेनचे, चार मीटर रुंदीचे तोंड आणि मध्ये थांबायला दुभाजक असेल तर एका वेळी फक्त चार मीटर ओलांडायचे असतात. धडधाकट माणसाला २० मीटर आणि वृद्धाला २७ मीटर मोकळा रस्ता पुरतो. निम्म्या वर्तुळाचा अंदाज घ्यायची गरज संपते आणि समोरची एकच गाडी पाहणे पुरेसे होते.

या दोन हिशेबांतला फरक हा माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा आहे. वर्तुळ हा आकार स्वतःहून पादचाऱ्याचा मित्रही नाही आणि शत्रूही नाही. तोंडाची रुंदी, बाहेर पडण्याची त्रिज्या आणि लेनची संख्या यांवरून ते ठरते.

१६ डिसेंबर २०२४

आज सकाळी लवकर, उजाडण्याच्या सुमारास, सायकलस्वारांसाठी उभे राहिलो. या वेळी चौकातून जाणारे सायकलस्वार हौशी क्वचितच असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारे, असे ते लोक आहेत. अनेकांच्या सायकलीला मागे दिवा नसतो, आणि अंगावर गडद गणवेश असतो.

जवळजवळ सगळे वर्तुळाच्या अगदी बाहेरच्या कडेने जातात. ते त्यांना सुरक्षित वाटते, आणि धोका नेमका तिथेच आहे. कडेने जाणारा सायकलस्वार प्रत्येक फाट्यापाशी दोनदा आडवा येतो. आधी बाहेर पडणारी गाडी त्याच्या उजवीकडून येऊन त्याच्या पुढ्यातून डावीकडे वळते, आणि लगेच पुढे आत शिरणाऱ्या गाडीचा चालक मोठ्या वाहनाकडे लक्ष ठेवून असल्याने कडेची सायकल त्याच्या नजरेत भरत नाही. सायकलस्वार दिसत असूनही त्याची दखल न घेतली जाणे हे वर्तुळातील सायकल अपघातांचे अनेक देशांत आढळलेले कारण आहे. एका सुरक्षारक्षक काकांना विचारले, ‘‘काका, तुम्ही सरळ जायचं असेल तर काय करता?’’ ते म्हणाले, ‘‘सर, मी उतरतो. सायकल हातात धरून चालत जातो. घरी पोरं आहेत.’’

सायकलस्वारांच्या बाबतीत परदेशातील आकडेही सावध करणारे आहेत. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात वर्तुळात रूपांतरित केलेल्या ९१ चौकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात कमी होण्याऐवजी सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. पुढील अभ्यासात असेही दिसले की वर्तुळाच्या आतच, बाहेरच्या कडेला सायकलपट्टी रंगवलेले चौक सर्वांत वाईट ठरले. म्हणजे आपला सायकलस्वार भीतीपोटी जी जागा निवडतो, तीच तिथे अधिकृतपणे आखून दिली होती आणि तिचा परिणाम वाईट झाला.

याच्या उलट नेदरलँड्समधील १८१ वर्तुळांच्या १९९० च्या दशकातील अभ्यासात पादचारी जखमी होण्याचे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांनी आणि सायकलस्वारांचे सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. मोटारीतल्यांचे ९५ टक्क्यांनी घटले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चांगल्या आखणीच्या देशातही सायकलस्वाराच्या वाट्याला फायद्याचा लहान हिस्सा येतो. तिथली पद्धत अशी आहे : एकच लेन, आणि सायकलचा मार्ग वर्तुळापासून वेगळा, बाहेरून फिरणारा, जो फाट्याला सुमारे एका गाडीच्या लांबीएवढा मागे सरकून ओलांडतो. त्यामुळे बाहेर पडलेली गाडी वर्तुळाला अडवून न धरता सायकलसाठी थांबू शकते, आणि सायकलस्वार चालकाच्या तिरप्या नजरेऐवजी थेट समोर येतो. ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या फेंडन रोडवर जुलै २०२० मध्ये याच धर्तीवर चौक बांधला गेला.

२६ डिसेंबर २०२४

नाताळच्या सुट्टीमुळे शाळा बंद असल्याने मोजमापाचे काम उरकले. पदपथांची रुंदी काही ठिकाणी पुरेशी आहे, पण विजेचे खांब, डीपी (वीजवितरणाच्या पेट्या) आणि फेरीवाल्यांच्या गाड्या वजा केल्या तर आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था) पादचारी मार्गदर्शिकेत किमान म्हणून दिलेली १.८ मीटरची मोकळी वाट फक्त एका कोपऱ्यावर मिळते.

७ जानेवारी २०२५

परिसरात राहणारे एक दृष्टिहीन गृहस्थ आज आमच्याबरोबर चौकात आले. ते बँकेत नोकरीला आहेत आणि स्टेशनला जाण्यासाठी त्यांना हा चौक ओलांडावा लागतो. त्यांनी जे सांगितले त्याने आमच्या निरीक्षणांना नवे परिमाण मिळाले.

सिग्नलच्या चौकात, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आवाजाची लय असते. एका बाजूची वाहने थांबली आणि दुसऱ्या बाजूची सुटली की ते कानाला कळते. वर्तुळात ती लय नाही, कारण वाहतूक अखंड फिरत असते. ‘‘मला गाडी ऐकू येते, पण ती माझ्याकडे येतेय की माझ्यासमोरून वळून पुढं जातेय, हे ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही,’’ असे ते म्हणाले. त्यातच इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटर वाढल्याने काही वाहने ऐकूच येत नाहीत. चौकात झेब्रा नेमका कुठे आहे हेही पायाला कळत नाही, कारण गोल वळलेल्या पदपथाच्या कडेवरून सरळ दिशा ठरवता येत नाही. सिग्नलच्या चौकात काटकोनी कोपरा त्यांना ती दिशा देतो.

अमेरिकेतील अनेक लेनच्या वर्तुळांवर झालेल्या प्रयोगांत हीच अडचण दिसली होती. दृष्टिहीन व्यक्तींना सुरक्षित फट ओळखायला डोळस व्यक्तींपेक्षा खूप अधिक वेळ लागत होता आणि धोकादायक निर्णयांचे प्रमाणही अधिक होते. तिथल्या ऑगस्ट २०२३ च्या सुगम्यता मार्गदर्शिकेने म्हणूनच अनेक लेनच्या वर्तुळात पादचारी सिग्नल, चालकाला इशारा देणारे लुकलुकणारे दिवे किंवा उंचावलेला झेब्रा यांपैकी काहीतरी असणे आवश्यक ठरवले आहे. अनेक लेनची आणखी एक अडचण सगळ्यांनाच भोगावी लागते. पहिल्या लेनमधली गाडी थांबते, तिच्या आडून पादचारी पुढे येतो, आणि दुसऱ्या लेनमधल्या चालकाला तो दिसत नाही. आमच्या पाहुण्यांच्या हाताला धरून ओलांडताना आज हे प्रत्यक्ष घडले. दुसऱ्या लेनमधील मोटरसायकल हातभर अंतरावरून गेली.

त्यांचे म्हणणे ऐकल्यावर स्पर्शफरशी (पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांची फरशी) आणि कडेचे कुंपण या गोष्टी आराखड्यात शोभेच्या न राहता पायाभूत झाल्या. फरशीने झेब्र्यापर्यंत न्यायचे आणि बाकीच्या गोलाईवर बुटकी झुडपे लावून तिथून खाली उतरू द्यायचे नाही, असा निर्णय घेतला.

१९ जानेवारी २०२५

रविवार असल्याने महाविद्यालयाचे मैदान मिळाले. लहान वर्तुळ कागदावर ठीक दिसते, पण बस वळेल का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून ते आज फक्कीने मैदानावर पूर्ण आकारात आखले. बाहेरचा व्यास ३२ मीटर, पाच मीटरची एकच लेन, तिच्या आत तीन मीटरचा किंचित उंच, खडबडीत पट्टा, आणि त्याच्या आत पक्के बेट. खडबडीत पट्ट्याच्या जागी विटांची एक रांग मांडली होती.

महाविद्यालयाच्या बसचे चालक दादा उत्साहाने आले. बसची पुढची चाके लेनमध्ये राहिली आणि मागची आत सरकून विटांच्या रांगेवरून गेली. हेच अपेक्षित होते. बस आणि टेम्पो यांना मागचे चाक टेकायला तो पट्टा मिळतो, पण मोटारवाला हिसका टाळण्यासाठी त्यावर चढत नाही आणि त्याचा मार्ग अरुंद, म्हणून मंद राहतो. पट्ट्याची उंची कमी ठेवली नाही तर बसमधल्या उभ्या प्रवाशांना त्रास होईल, ही दादांची सूचना मोलाची आहे आणि ती अहवालात जशीच्या तशी येईल.

नंतर सायकली आणि मोटारी एकत्र फिरवून पाहिल्या. एका अरुंद लेनमध्ये सायकलस्वार लेनच्या मध्यातून गेला तर मागच्या मोटारीला त्याच्यामागून यावे लागते, आणि दोघांचे वेग जवळपास सारखे असल्याने ते कोणालाच जाचत नाही. लेन साडेसहा मीटर केली की मोटार लगेच सायकलच्या बाजूला घुसायला पाहते. रुंदी ही सुरक्षितता असे सर्वसाधारणपणे समजले जाते. इथे नेमकी ती रुंदीच सायकलस्वाराला कडेला ढकलत होती. तथापि, शाळकरी मुलगी किंवा भाजीची पिशवी लावलेली गृहिणी मोटारींच्या मध्यातून सायकल चालवेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही, म्हणून बाहेरचा वेगळा मार्ग हवाच असे आमचे मत झाले.

३ फेब्रुवारी २०२५

एका लेनचे वर्तुळ एवढी वाहने सामावू शकेल का, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आयआरसीच्या १९७६ च्या शिफारशींत वर्तुळाची कमाल क्षमता सर्व फाट्यांवरून मिळून ताशी ३००० वाहने अशी धरली होती, आणि ती वर्तुळे वाहनांना एकमेकांत मिसळायला लांब अंतर मिळावे या विचाराने मोठी आखली जात. आमचा चौक त्याच काळातल्या विचाराचा आहे. २०१७ मध्ये ती मार्गदर्शिका नव्याने आली, पण जमिनीवरची वर्तुळे जुनीच आहेत.

संध्याकाळच्या गर्दीत वाहतूक हवालदार वर्तुळात उभे राहून हाताने वाहने सोडतात, तेव्हा ते वर्तुळ उरतच नाही. अशा चौकात मोठे बेट, अनेक लेन आणि वर सिग्नल अशी जोडणी करणे पादचाऱ्याच्या सर्वाधिक गैरसोयीचे ठरते, कारण अंतर लांब राहते आणि थांबण्याचा काळही वाढतो. माझे मत स्पष्ट आहे : चारही फाट्यांवर दिवसभर दोन लेन भरून वाहनांचा भार असेल तिथे पादचाऱ्यांसाठी पुरेसा वेळ देणारा साधा सिग्नलचा चौक बरा, आणि भार त्याहून कमी असेल तिथे एका लेनचे लहान वर्तुळ बरे. अनेक लेनचे मोठे वर्तुळ मात्र शाळा आणि स्टेशन यांच्या वाटेवर कुठेच नको. पाम बीच मार्गासारख्या वेगवान रस्त्याला आमच्या चौकाचा उपाय लागू पडत नाही, हेही अहवालात लिहायचे आहे.

आमच्या चौकाचे चार फाटे सारखे नाहीत. दोन फाट्यांवर दुपारभर रस्ता जवळजवळ मोकळा असतो, आणि गर्दी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेपुरती असते. त्या वेळेसाठी उरलेल्या पूर्ण दिवसाला तीन लेनचा वेग द्यावा का, यावर विद्यार्थ्यांत चांगली चर्चा झाली.

१७ फेब्रुवारी २०२५

आराखड्याचे काम जवळपास पूर्ण झाले. बाहेर पडण्याची तोंडे आवळली आहेत, प्रत्येक फाट्यावर एकच लेन ठेवली आहे, झेब्रा वर्तुळापासून सहा मीटर मागे नेला आहे आणि तो पदपथाच्या पातळीला उंचावला आहे. दुभाजक झेब्र्यापाशी दोन मीटर रुंद केला आहे, म्हणजे बाबागाडी किंवा सायकल आडवी न लावता मध्ये थांबता येईल. रिक्षा स्टँड बाहेर पडण्याच्या तोंडावरून उचलून आत शिरण्याच्या तोंडाच्या बऱ्याच अलीकडे, स्वतःच्या खाचेत नेला आहे. स्टँड हटवण्याची भाषा आम्ही केली नाही, कारण रिक्षावाले तिथे लोकांच्या गरजेमुळेच उभे राहतात.

सर्वाधिक वेळ पाण्याने घेतला. उंचावलेला झेब्रा रस्त्याच्या कडेचे वाहते पाणी अडवतो आणि नवी मुंबईच्या पावसात तिथे तळे साचले तर पादचारी झेब्रा सोडून दुसरीकडूनच ओलांडणार. म्हणून उंचवट्याच्या वरच्या बाजूला जाळीचे चेंबर आणि त्याखालून पावसाळी गटाराला जोडणारी नळी दाखवली आहे. केवळ रंगाने काम भागवण्याचा विचार याच कारणाने सोडला. एका पावसाळ्यात झेब्र्याचे पट्टे झिजून पुसट होतात, दगड आणि उंची मात्र टिकते.

बाहेरच्या सायकलमार्गाचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जिथून सायकल जाते तिथून मोटरसायकलही जाते, आणि खांब लावून तिला अडवले तर हातगाडी आणि व्हीलचेअरही अडते. मार्गावर ठरावीक अंतराने वळणे देऊन तो मोटरसायकलला गैरसोयीचा करण्याचा पर्याय आराखड्यात आहे, पण तो प्रत्यक्षात तपासल्याशिवाय ठामपणे सुचवणार नाही.

३ मार्च २०२५

अहवाल आज संबंधित कार्यालयात सादर केला. त्यात कामाचा क्रम असा सुचवला आहे की पूर्ण चौक खोदण्याआधी फक्त शाळेकडचा फाटा घ्यावा. रबरी कर्ब (रस्त्याच्या उंच कडा) आणि खांब लावून बाहेर पडण्याचे तोंड तात्पुरते एका लेनचे करावे, झेब्रा सहा मीटर मागे न्यावा, आणि शाळेच्या दोन्ही सत्रांत वाहनांचा वेग व पादचाऱ्यांना थांबावे लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजावा. मोजणीचे तक्ते विद्यार्थ्यांनी तयार केले आहेत. त्यांत वृद्ध, मुले, दृष्टिहीन आणि सायकल हातात धरून चालणारे यांचे रकाने वेगळे ठेवले आहेत, कारण नुसत्या एकूण संख्येत ते लोक दिसत नाहीत. जे चौकाच्या भीतीने लांबच्या वाटेने जातात किंवा घराबाहेरच पडत नाहीत, त्यांच्यासाठी चौकात उभे राहून मोजणी होऊ शकत नाही. म्हणून परिसरातील सोसायट्यांमध्ये भरून घेण्याची एक लहान प्रश्नावली सोबत जोडली आहे, आणि ती सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लावण्याची जबाबदारी रहिवासी सदस्यांनी घेतली आहे.